साधी गाठ

आधी उकूच्या लक्षात आलं.
टार्टू गाव, पहिलीचा वर्ग, जानेवारी,
सकाळचे नऊ वाजले तरी खिडकीत रात्रच.
व्हिल्वेबाई फळ्यावर सफरचंद काढून
त्याचं नाव म्हणत होत्या,
आणि हा हात वर न करताच बोलला,
"बाई, तुमच्या तोंडात बटाटा आहे का?"

त्यांच्या भाषेत एक स्वर आहे,
आपल्या लिपीत त्याला घर नाही.
ओठ न फाकवता, न गोल करता
जीभ मागे ओढायची,
आपला ळ जसा मागे वळून लपतो
आणि परक्याला सापडत नाही, तसा.
सफरचंदात तो आहे, नदीत आहे, बहिणीतही.
व्हिल्वेच्या तोंडून तिन्ही हळूहळू निसटले.

औषधवाल्यानं घशाच्या गोळ्या दिल्या.
दातांचा डॉक्टर म्हणाला, लाळेचा खडा असेल.
थोरली बहीण फोनवर म्हणाली, कमी बोलत जा.
रात्री आरशात तोंड उघडून
तिनं जीभ उचलली, उचलावी लागली नाहीच,
ती आधीच वर तरंगत होती
अंड्यातल्या बलकासारख्या पिवळट फुगवट्यावर.
मग वहीच्या मागच्या पानावर
मांजर कुणाकडे जाईल
याची तिनं नावं लिहिली. दोन खोडली.

डॉक्टर लेम्बे ओयाव्हेर घाईत नव्हत्या.
एक बोट जिभेखाली, एक हनुवटीखाली,
मधे ती गाठ.
"दुखतं?" नाही.
दाबलं तर मळलेल्या कणकेसारखा
खळगा पडून राहिला.
आणि त्या स्वतःशीच "हं" म्हणाल्या,
ज्या "हं"साठी व्हिल्वे पाच महिने थांबली होती.

यंत्राच्या नळकांड्यात अर्धा तास ठणठणाट.
मग पडद्यावर, जबड्याच्या कमानीत,
गोट्यांनी भरलेली पिशवी.
खरंच गोट्या. स्निग्धाचे गोल गोल थेंब,
एकमेकांना खेटून,
शाळा सुटायची वाट पाहत असल्यासारखे.

"तुम्ही आईच्या पोटात महिनाभराच्या होता,"
डॉक्टर कागदावर रेघा ओढत म्हणाल्या,
"दोन्हीकडून जबडा आला, मध्यावर भेटला,
शिवण बसली.
त्या शिवणीत त्वचेचा एक कण आत राहिला.
बाहेर यायचं त्याला कुणी सांगितलंच नाही."

तर तो कण काम करत राहिला.
ऊन नाही, वारा नाही, हात फिरवणारं कुणी नाही,
तरी त्वचेनं करायचं ते सगळं त्यानं केलं:
मेण पाझरलं, साल टाकली,
एकतीस वर्षं.
वैर नव्हतं त्याचं कुणाशी.
जागा तेवढी चुकली.

जिभेला हाड नसतं म्हणतात, म्हणून ती
बाजूला सरकवता आली.
श्वासाची नळी नाकातून, छेद तोंडाच्या आतून,
आणि बोथट टोकानं, सालपट न फाटू देता,
संत्र्याची फोड सोडवावी तशी
ती पिशवी सोडवून घेतली.
फुटली असती, मागे थोडी राहिली असती,
तर पुन्हा भरली असती.
चार पूर्णांक दोन सेंटिमीटर,
परिचारिकेनं मोजून डबीवर लिहिलं.

तळघरातल्या प्रयोगशाळेत काल्यूनं ती कापली.
वितळलेल्या लोण्यासारखं काही, आणि त्यात
एक केस.
बारीक, सोनेरी, कुणीही कधी न विंचरलेला.
दात सापडलेली गाठही त्यानं पाहिली होती,
कुण्या बाईच्या बीजकोशातली.
तरी तो केस त्यानं काचेवर जरा जास्त वेळ ठेवला.
मग टंकलं: सौम्य. कडा पूर्ण.
आणि डबा उघडून काळा पाव खाल्ला.

सोमवारी व्हिल्वे वर्गात गेली.
जिभेखाली टाके, जेवण म्हणजे थंड दही,
आणि तोंडात एवढी जागा
की जीभ नव्या भाड्याच्या खोलीत
भिंती चाचपत हिंडावी.
सफरचंद काढलं. म्हटलं.
उकूनं मान हलवली: अजून नाही.
पुन्हा म्हटलं.
"आता जवळ आलं," तो म्हणाला,
"बाई, ते आत काय होतं?"

तिनं विचार केला.
"केस," ती म्हणाली. "माझाच."
वर्ग इतका हसला, इतका हसला
की त्या गोंधळात
नदी म्हणून झाली
ते तिला नंतर, डबा उघडताना कळलं.